लेइ गोंग तेंग : दाह शमवणारी चिनी वेल आणि तिच्यातले रेणू

कंदमूळ

आमवातावरच्या आधीच्या धाग्यात 'चिनी वनौषधींमध्ये दाहशामक गुण असतातच' असे एक वाक्य येऊन गेले आणि त्यावर पुढे कोणी काही विचारले नाही. असल्या सरसकट विधानातून कोणाच्याच पदरात काही पडत नाही. म्हणून एकच वनस्पती घेऊन तिच्यात नेमके कोणते रेणू आहेत, ते शरीरात कुठे काम करतात आणि माणसांवरच्या चाचण्यांतून काय दिसले, एवढ्यापुरता हा धागा काढत आहे.

वनस्पती आहे लेइ गोंग तेंग, शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डाय. दक्षिण चीनमधल्या फुजियान, झेजियांग, हुनान या प्रांतांच्या डोंगराळ भागात आणि तैवानमध्ये वाढणारी ही वेल सेलास्ट्रेसी कुलातली, म्हणजे आपल्या मालकांगोणीच्या कुलातली आहे. तिची पाने, फुले आणि मुळांची साल इतकी विषारी असते की तिकडचे शेतकरी मुळांची पूड किडी मारायला वापरत आले आहेत, आणि या गणातल्या वेलींचा मकरंद मधात उतरल्यामुळे तो मध खाऊन माणसांना विषबाधा झाल्याच्या घटनाही चीनमध्ये नोंदलेल्या आहेत. औषधासाठी घेतात ते साल पूर्णपणे तासून काढलेल्या मुळाचे आतले लाकूड.

आधुनिक वैद्यकात ही वेल शिरली ती कुष्ठरोगाच्या वाटेने. १९६०च्या दशकात फुजियानमधल्या डॉक्टरांनी ती कुष्ठरुग्णांना दिली, तेव्हा त्यांची सांधेदुखी कमी झालेली दिसली, आणि तिथून ती आमवाताच्या रुग्णांपर्यंत पोचली. १९७७पासून नांजिंगचे मूत्रपिंडतज्ज्ञ ली लेइशी यांनी मूत्रपिंडातल्या गाळण्यांच्या दाहासाठी तिचा वापर सुरू केला. पुढे काढ्याची जागा शुद्ध केलेल्या अर्काच्या गोळ्यांनी घेतली आणि 'मल्टिग्लायकोसाइड' या नावाच्या त्या गोळ्या चीनमध्ये आजही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिल्या जातात.

चाचण्यांचे म्हणाल तर तीन सांगण्यासारख्या आहेत. २००२ साली अमेरिकेत ३५ रुग्णांवर झालेली दुहेरी अंध चाचणी (कोणाला काय दिले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली) प्रसिद्ध झाली. तिच्यात जास्त मात्रेच्या गटातल्या ८० टक्के, कमी मात्रेच्या गटातल्या ४० टक्के रुग्णांना फरक पडला आणि प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी कोणालाच पडला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२१ रुग्णांमध्ये या वेलीच्या अर्काची सल्फासलाझिन या आमवातावरच्या प्रचलित औषधाशी तुलना केली होती, आणि २४ आठवडे उपचार पूर्ण केलेल्यांपैकी अर्काच्या गटात ६५ टक्के, तर सल्फासलाझिनच्या गटात ३२.८ टक्के रुग्ण किमान सुधारणेच्या निकषाला उतरले. तिसरी चाचणी चीनमधली, २०१४ची, २०७ रुग्णांची. तिच्यात मेथोट्रेक्सेट (आमवातावरचे प्रस्थापित औषध), या वेलीच्या गोळ्या, आणि दोन्ही एकत्र असे तीन गट होते. दुखऱ्या व सुजलेल्या सांध्यांची संख्या निम्म्याने उतरणे हा ज्या निकषाचा गाभा आहे, तो २४ आठवड्यांनी अनुक्रमे ४६.४, ५५.१ आणि ७६.८ टक्के रुग्णांनी गाठला.

हे आकडे कोणत्याही प्रस्थापित औषधाला शोभतील असे आहेत. तरीही चीनबाहेर ही वेल औषध म्हणून जवळजवळ कुठेच रुजली नाही. असे का झाले, याचे उत्तर मला तिच्या रेणूंमध्येच दिसते. पण आधी जाणकारांनी त्या रेणूंविषयी लिहावे.

शेवाळ

रसायनशास्त्राच्या बाजूने मी लिहितो. या वेलीतून शेकडो संयुगे वेगळी केली गेली आहेत, पण चर्चा दोघांचीच होते आणि ते योग्यच आहे.

पहिले ट्रिप्टोलाइड. व्हर्जिनिया विद्यापीठात मॉरिस कुपचान आणि त्यांचे सहकारी रक्ताच्या कर्करोगावर चालेल असे द्रव्य वनस्पतींत शोधत होते. त्यांनी १९७२ साली हा रेणू वेगळा करून त्याची रचना मांडली. हा एक डायटर्पीन असून त्याच्या अंगावर ओळीने तीन इपॉक्साइड वलये आहेत. इपॉक्साइड म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचा ताणलेला त्रिकोण. जवळ योग्य अणुगट आला की तो उघडतो आणि त्या गटाला कायमचा चिकटतो. असे तीन त्रिकोण एका छोट्याशा रेणूत शेजारीशेजारी असणे निसर्गात विरळाच.

तो चिकटतो कोणाला, हे कळायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. २०११ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या जुन लिऊ यांच्या गटाने दाखवले की ट्रिप्टोलाइड एक्सपीबी नावाच्या प्रथिनाला धरतो. हे प्रथिन टीएफआयआयएच या मोठ्या संकुलाचा भाग आहे, आणि जनुकावरून आरएनए उतरवून घ्यायचा तर डीएनएचे दोन धागे सुरुवातीला उलगडण्याचे काम या संकुलाकडे असते. एक्सपीबीच्या साखळीतल्या ३४२व्या जागी असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी ट्रिप्टोलाइडचा सहसंयुज (पक्का रासायनिक) बंध तयार होतो, एक्सपीबी निकामी होते आणि आरएनए उतरवण्याची क्रिया उगमापाशीच थांबते.

आता दाहाशी याचा संबंध पाहा. सांध्याच्या अस्तरातल्या पेशींना चिथावणी मिळाली की एनएफ-कप्पा-बी हा प्रथिन-घटक केंद्रकात शिरतो आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६, कॉक्स-२ अशा दाहकारक प्रथिनांची जनुके चालू करतो. स्टेरॉइडे किंवा नवी जैविक औषधे या साखळीतली एखाद-दुसरी कडी पकडतात. ट्रिप्टोलाइड मात्र घरातला एक दिवा मालवण्यासाठी मीटरजवळचा मेन स्विच पाडावा तसे करतो. दाहाच्या प्रथिनांचे आरएनए मुळातच अल्पायुषी असतात, त्यामुळे नवा पुरवठा थांबला की सर्वांत आधी तेच संपतात. मात्रा कमी असेल तर दाह उतरलेला दिसतो आणि बाकीचे घर काही काळ तरी चालू राहते.

दुसरे सेलास्ट्रॉल. मुळाच्या सालीला जो नारिंगी रंग असतो त्यात याचा वाटा आहे. शुद्ध स्वरूपात ते लालसर नारिंगी स्फटिकांचे असते. हा ट्रायटर्पीन आहे, त्याच्यातली क्विनोन-मेथाइड ही रचना प्रथिनांवरच्या सिस्टीनला धरते, आणि एनएफ-कप्पा-बीला मोकळे सोडणारा आयकेके हा विकर (एन्झाइम) त्याच्या तावडीत सापडतो. म्हणजे ट्रिप्टोलाइड साखळीच्या शेवटी आणि सेलास्ट्रॉल तिच्या वरच्या टप्प्यावर काम करते. पण सेलास्ट्रॉलही एकनिष्ठ नाही. एचएसपी-९० या प्रथिनाच्या कामातही ते अडथळा आणते आणि त्यावर पेशीतली इतर कितीतरी प्रथिने अवलंबून असतात.

वैद्य निरगुडी

दोघांचेही लेखन माहितीपूर्ण आहे. मी आयुर्वेदाचा पदवीधर असून माझी शंका संस्काराविषयी आहे. आपल्याकडे बचनाग, बिब्बा, कुचला ही विषद्रव्येच आहेत, पण शोधन केल्याशिवाय ती कोणी वापरत नाही. बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शिजवल्यावर त्याचे विष उतरते आणि गुण राहतो, हे प्रयोगशाळेतही दिसले आहे. चिनी वैद्यकातही फू-त्झू म्हणजे त्यांचा बचनाग प्रक्रिया करूनच देतात. मग लेइ गोंग तेंगच्या बाबतीत विषारीपणाचे जे बोलले जाते, तो दोष वेलीचा नसून संस्कार वगळून थेट अर्क काढण्याच्या आधुनिक घाईचा असू शकत नाही का? साल तासणे आणि काढा दीर्घकाळ उकळणे ही परंपरेने सांगितलेली काळजी गोळी बनवताना पाळली जाते का?

शेवाळ

वैद्यराज, शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. बचनागाचे शोधन यशस्वी होते याला रासायनिक कारण आहे. अकोनिटीनच्या रेणूवर दोन एस्टर बंध असतात. उकळल्यावर ते पाण्याने एकेक करून तुटतात आणि मागे उरणारी द्रव्ये मूळ रेणूपेक्षा कितीतरी कमी विषारी असतात. तिथे विष हा रेणूचा एक अवयव आहे आणि तो छाटता येतो.

ट्रिप्टोलाइडमध्ये छाटण्यासारखा वेगळा अवयव नाही. दाह कमी करणारा बंध आणि अस्थिमज्जेला मारणारा बंध हा एकच बंध आहे, त्याच प्रथिनावरच्या त्याच जागी. साल तासल्याने आणि जास्त उकळल्याने मात्रा खाली येते हे खरे, आणि म्हणून परंपरेतली ती काळजी शहाणपणाचीच होती. पण त्याने विष कमी झाले तेवढे औषधही कमी झाले. शोधन करून एक ठेवायचे आणि दुसरे काढायचे हा मार्ग या वेलीपुरता तरी बंद आहे.

ओसरी

हा धागा वाचून काळजी वाटली म्हणून लिहीत आहे. माझ्या आईला बरीच वर्षे आमवात आहे आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे. मामेभाऊ नोकरीनिमित्त शांघायला असतो. त्याने तिथल्या ओळखीतून या वेलीच्या म्हणून गोळ्या आणून दिल्या आणि 'वनस्पतीचे आहे, मेथोट्रेक्सेटबरोबर चालते' असे सांगितले. आईची बोटे खरोखरच मोकळी झाली, सकाळचा ताठरपणा गेला. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना मात्र आम्ही हे सांगितलेले नाही, कारण ते रागावतील अशी तिला भीती वाटते. वर दिलेल्या २०१४च्या चाचणीत दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर सर्वांत चांगला परिणाम दिसला आहे. मग आमच्या हातून काही चूक होत आहे का?

सायंकाळची ओपीडी

मी संधिवाताचे रुग्ण पाहतो. ओसरी, तुमच्या प्रश्नाकडे येतोच, पण त्याआधी वरच्या आकड्यांविषयी काही सांगणे आवश्यक आहे, कारण तुम्ही त्यांच्याच आधारावर विचारत आहात.

२०१४च्या चाचणीत कोण कोणते औषध घेत आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते. सांधा किती दुखतो हे शेवटी रुग्णच सांगतो, त्यामुळे अशा चाचणीत अपेक्षेचा रंग मिसळतो. शिवाय मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्याला १२.५ मिलिग्रॅम होती. आम्ही सहन होत असेल तर याहून वर जातो. म्हणजे स्पर्धकाला थोडे हात बांधून उतरवले होते. २००९च्या चाचणीत अर्काच्या गटातले ६२ टक्केच रुग्ण शेवटपर्यंत टिकले आणि सल्फासलाझिनच्या गटातले ४१ टक्के. इतके लोक मधूनच गेले, तर उरलेल्यांची टक्केवारी मोजताना जपून बोलावे लागते. एवढे सगळे वजा करूनही अर्काचा परिणाम खरा आहे असे माझे मत आहे, आणि तुमच्या आईची बोटे मोकळी झाली यात मला नवल वाटत नाही.

हे औषध मी लिहून देत नाही याचे कारण परिणामाचा अभाव हे नाही. पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल घसरते. १९८०च्या दशकात चिनी संशोधकांनी हे स्पष्टपणे नोंदवले होते. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होते, थांबते, आणि दीर्घकाळ घेतल्यास ती परत येईलच असे नसते. यकृत, मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा यांना इजा होऊ शकते. चीनच्याच औषध नियंत्रकांनी २०१२ साली या गोळ्यांविषयी इशारा काढून मुले, अपत्याची इच्छा असलेले स्त्री-पुरुष, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या माता यांना त्या वर्ज्य ठरवल्या. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पटींनी अधिक होतो आणि अनेकींना तो संसाराच्या ऐन वर्षांत गाठतो. म्हणजे ज्यांना औषधाची सर्वाधिक गरज त्यांनाच ते देता येत नाही.

आता तुमचे. आईची पाळी गेलेली असेल तर एक धोका गळाला, पण मेथोट्रेक्सेट यकृत आणि अस्थिमज्जेवरच भार टाकते आणि या गोळ्याही तिथेच. चाचणीतल्या रुग्णांचे रक्त ठरलेल्या अंतराने तपासले जात होते. तुमच्याकडे ते बहुधा फक्त मेथोट्रेक्सेटच्या हिशेबाने होत असेल आणि निकाल वाचणाऱ्या डॉक्टरांना दुसऱ्या औषधाची कल्पनाच नसेल. उद्या पांढऱ्या पेशी उतरल्या तर ते मेथोट्रेक्सेट बंद करतील आणि खरा कारक घरातल्या डब्यात राहील. गोळ्यांचे पाकीट घेऊन त्यांच्याकडे जा. ते रागावले तर रागावू द्या.

तिरकस

डॉक्टर काही म्हणोत, मला यात नेहमीचे राजकारण दिसते. मेथोट्रेक्सेट काय अमृत आहे? तेही मुळात कर्करोगाचे औषध, तेही गरोदरपणात वर्ज्य. चीनने स्वस्त वेल दाखवली म्हणून ती 'विषारी', आणि महागडी इंजेक्शने मात्र 'आधुनिक'.

कंदमूळ

तिरकस, मेथोट्रेक्सेट विषारी आहे हे कोणी नाकारलेले नाही. मात्र ते आठवड्यातून एकदाच घेण्याचे बंधन, फॉलिक अॅसिडची जोड आणि अनेक दशकांच्या नोंदी यांमुळे त्याचे विष कुठे आणि केव्हा डोके काढते हे ठाऊक असते. ते स्वतःही स्वस्तच आहे, त्यामुळे महागड्या इंजेक्शनांचा मुद्दा इथे गैरलागू ठरतो. वेलीच्या अर्कात मात्र ट्रिप्टोलाइड किती आहे हे जमीन, हंगाम, साल किती काळजीपूर्वक काढली आणि कारखान्याची पद्धत यांवर बदलते. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात अंतर थोडे असलेल्या रेणूला हा चढउतार परवडत नाही.

आणि पाश्चात्त्यांनी या वेलीकडे पाठ फिरवली हेही खरे नाही. मिनेसोटा विद्यापीठात अशोक सलुजा यांच्या गटाने ट्रिप्टोलाइडला फॉस्फेटचा गट जोडून पाण्यात विरघळणारे मिनेलाइड तयार केले आणि २०१२ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचे त्याचे प्राण्यांमधले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शुक्रजंतूंवरचा दोषही कोणीतरी गुण म्हणून उचलला. याच वेलीतल्या ट्रिप्टोनाइड या भावंड-रेणूने उंदीर आणि माकडांमध्ये नरांची प्रजननक्षमता थांबते आणि औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत परत येते, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे तिथले संशोधक विषाला घाबरलेले नाहीत. जिथे विष परवडते किंवा हवेच असते अशी जागा ते शोधत आहेत. सांधेदुखी ही ती जागा आहे का, एवढाच वाद आहे.

वैद्य निरगुडी

शेवाळ यांचे उत्तर पटले. एक जोड देतो. चिनी वैद्यकात आमवातासाठी दुसरी एक वेल वापरतात, सिनोमेनियम अॅक्युटम, आणि तिच्यातले सिनोमेनीन हे अल्कलॉइड तिथे औषध म्हणून विकले जाते. ती आपल्या गुळवेलीच्या कुलातली आहे. इथेही 'वनस्पतीचे आहे' या समजुतीचा फटका आपण पाहिला आहे. करोनाच्या काळात लोकांनी मनानेच गुळवेल घेतली, आणि २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीशी संबंध जोडून यकृताच्या इजेचे सहा रुग्ण प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली होती का असा प्रश्न केला. तो प्रश्न रास्तच होता. पण बाजारातून पूड आणणाऱ्याला ती ओळख कोण पटवून देणार, हा प्रश्नही तेवढाच रास्त आहे.

शेवाळ

ओळखीचा विषय निघाला म्हणून सेलास्ट्रॉलविषयी सांगतो, कारण वजन कमी करण्याचे चूर्ण म्हणून त्याची ऑनलाइन विक्री चालते. २०१५ साली हार्वर्डशी संलग्न असलेल्या उमुत ओझ्जान यांच्या गटाने लठ्ठ उंदरांना सेलास्ट्रॉल दिले, तेव्हा त्यांचे वजन ४५ टक्क्यांपर्यंत उतरले, कारण भूक शमवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाला त्यांचा मेंदू पुन्हा दाद देऊ लागला. ज्या उंदरांत लेप्टिनच तयार होत नाही त्यांच्यावर मात्र काहीच परिणाम झाला नाही. संशोधन सुंदर आहे, यात वाद नाही. पण ते शुद्ध रेणूचे आणि उंदरांवरचे होते. डबीतल्या चुर्णात सेलास्ट्रॉलबरोबर ट्रिप्टोलाइड किती उतरला आहे हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

ओसरी

सर्वांचे आभार. आज पाकीट नीट पाहिले. मामेभावाने फोनवरून चिनी मजकूर वाचून दाखवला. त्यावर मल्टिग्लायकोसाइड, प्रत्येक गोळी १० मिलिग्रॅम, असे आहे. आई सकाळी दोन, दुपारी दोन आणि रात्री दोन घेते. ही मात्रा जास्त आहे का? आणि गोळ्या आजच बंद कराव्यात का?

सायंकाळची ओपीडी

दिवसाला ६० मिलिग्रॅम झाले, म्हणजे २०१४च्या चाचणीत दिली तीच मात्रा. चीनमध्ये ती किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम या हिशेबाने ठरवतात, त्यामुळे आईचे वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास असेल तर ती मर्यादेत असली तरी वरच्या टोकाकडे आहे, आणि सोबत मेथोट्रेक्सेट चालू आहे. बंद करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना आईला तपासूनच घेऊ द्या, पण त्यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नका, उद्याच जा. तोपर्यंत रक्तगणना, यकृताचे एसजीपीटी-एसजीओटी, क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी आजच करून घ्या, म्हणजे जाताना अहवाल हातात असतील. ताप, घसा दुखणे, तोंड येणे, अंगावर निळसर डाग, डोळे पिवळे होणे किंवा जुलाब यांपैकी काहीही असेल तर या गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट यांपैकी काहीच न देता सरळ रुग्णालय गाठा आणि तिथे दोन्ही औषधांची नावे सांगा. गोळ्या थांबवल्यावर काही आठवड्यांत सांधे पुन्हा धरतील, हे आईला आधीच सांगून ठेवा. नाहीतर ती डबा परत उघडेल. तसे झाले तर मेथोट्रेक्सेटची मात्रा वाढवणे किंवा दुसरे औषध जोडणे हे मार्ग तुमच्या डॉक्टरांकडे आहेत.